धम्म शिकायला हाल सोसावेच लागतात का?

आळवी नावाच्या गावात बुद्ध जेवायला आले होते. गावानं भिक्खू संघाला जेवू घातलं, जेवणं उरकली, आता उपदेश होणार म्हणून सगळे सावरून बसले. बुद्ध मात्र बोलेनात. ते एका गरीब शेतकऱ्याची वाट पाहत होते. त्याचा बैल सकाळीच हरवला होता; शोधता शोधता दुपार झाली आणि तो उपाशीपोटीच येऊन पोचला. बुद्धांनी आधी चौकशी केली, अन्न काही उरलंय का? त्याला बसवून पोटभर वाढायला लावलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, की एका माणसाच्या जेवणासाठी एवढा खोळंबा कशाला. त्यावरचं उत्तर धम्मपदाच्या २०३व्या गाथेत आहे: ‘जिघच्छा परमा रोगा’, भूक हा सगळ्यात मोठा रोग. प्रसंग अट्ठकथेतला, म्हणजे पुष्कळ नंतर लिहिलेल्या टीकेतला आहे; गाथा मूळची.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे ज्या भाषेत लहानपणापासून कानावर पडतं त्या भाषेत ही गोष्ट जरा अडते. निर्जळी उपास, अनवाणी वारी, नवसाचे दंडवत आपल्या आजूबाजूला आहेतच. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरातल्या कितीतरी घरांतून देव गेले, नवस गेले. जितकं सोसाल तितकं पदरात पडेल हा हिशेब मात्र सगळ्यांच्या मनातून गेला असं नाही. म्हणून विहारात प्रश्न निघतातच. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसलं तर ध्यान कच्चं राहतं का? घरदार सांभाळून धम्म खरंच कळतो का? आणि एखादा तरुण मुलगा विचारतो, ‘भंतेजी, मला तसं काही दुःखच नाही, मग मी कशाला येऊ?’

घोटाळा बराचसा शब्दाचा आहे. ‘सोसणं’ म्हटलं की मराठीत चार निराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. न मागता आलेलं दुःख, म्हणजे आजारपण, मृत्यू, अपमान, गरिबी. शिकण्यासाठी घेतलेली मेहनत, जिला पालीत विरिय किंवा वायाम म्हणतात. अष्टांग मार्गातला सम्यक व्यायाम तो हाच. मग आपणच आपल्या शरीराला दिलेली पीडा, अत्तकिलमथ. आणि चौथी, दुसऱ्यानं, बहुधा गुरूनं, परीक्षा म्हणून दिलेला त्रास. पाली ग्रंथांत या चौघांना एकच उत्तर नाही. पहिलं दुःख मुद्दाम कमवावं लागत नाही. दुसऱ्या मेहनतीतून सुटका नाही. तिसऱ्याला नकार आहे, पण एका अटीवर दार किलकिलं ठेवलंय. चौथ्याच्या कथा तिबेटी आणि चिनी परंपरेत आहेत, आणि त्या नीट वाचल्या तर निघणारा अर्थ सांगणाऱ्यांना हवा असतो तसा नसतो.

उरुवेलेतलं पसाभर कढण

सिद्धार्थ आधी आळार कालाम आणि मग उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिकले. ध्यानाच्या खोल अवस्था तिथं मिळाल्या, त्या पुरेशा नाहीत हेही तिथंच कळलं. त्यापुढची उरुवेलेतली तपश्चर्या मज्झिम निकाय या पाली उपदेशसंग्रहातल्या महासच्चक सुत्तात (३६वं सुत्त, म्हणजे उपदेश) त्यांच्याच तोंडून येते. वर्णन वैद्याच्या नोंदवहीसारखं कोरडं आहे. दातावर दात आवळून, जीभ टाळूला लावून मन दाबलं. काखेतून घामाच्या धारा लागल्या. श्वास कोंडला, कानात लोहाराच्या भात्यासारखा वारा घुमला, डोक्याला वादी करकचून आवळावी तसं दुखलं. आहार पसाभर कढणावर आणला, मुगाचं, कुळथाचं, वाटाण्याचं. (पालीतला ‘पसत’ म्हणजे आपला पसाच.) पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा दिसू लागला, पोटाची कातडी चाचपली तर हाताला कणा लागे, अंगावरून हात फिरवला तर मुळाशी कुजलेले केस हातात येत.

याच्या पुढची दोन वाक्यं मोलाची आहेत. पहिलं असं: आजवर कुणी सोसलं असेल, पुढे कुणी सोसेल, ते फार तर एवढंच, याहून जास्त नाही, आणि तरीही ज्ञान मिळालं नाही. म्हणजे प्रयोग अर्धवट सुटला, अजून थोडं ताणलं असतं तर जमलं असतं, ही पळवाट त्यांनी स्वतःच बुजवली. दुसरी एक आठवण. लहानपणी वडील कामात असताना जांभळीच्या गार सावलीत सहज लागलेलं ध्यान. त्या सुखात वासना नव्हती, काही वाईट नव्हतं. मग त्या सुखाला मी घाबरतो कशाला? इतक्या खंगलेल्या देहानं ते सुख पुन्हा गाठता येणार नाही, तेव्हा आता जेवलं पाहिजे. आणि ते भात जेवले. सुजाताची खीर सगळ्यांना माहीत आहे, पण ती नंतरच्या ग्रंथांतली. या सुत्तात नुसता भात आणि कुम्मास, म्हणजे साधी लापशी, आहे. जेवताना पाहून तपश्चर्येतले पाचही सोबती ‘हा चैनीला लागला’ म्हणत निघून गेले. सोसणं दिसलं की आदर आणि जेवण दिसलं की संशय, हा मनुष्यस्वभाव अडीच हजार वर्षांत फारसा बदललेला नाही.

याच पाच जणांना सारनाथला पहिला उपदेश झाला. त्यात दोन टोकं सांगितली आहेत. चैनीच्या टोकाला पाच विशेषणं लावली: हीन, गावंढळ, सामान्यांचं, अनार्य, निरर्थक. आत्मपीडेला तीन: दुःखद, अनार्य, निरर्थक. शेवटची दोन, ‘अनरियो अनत्थसंहितो’, दोन्हीकडे तीच आहेत. आत्मपीडा ही चैनीपेक्षा निदान बरी, असं या उपदेशात कुठंही नाही.

बाण शेकणारा कारागीर

मग तिसऱ्या गोष्टीला दार किलकिलं ठेवलंय ते कुठं? मज्झिम निकायातल्या १०१व्या, देवदह सुत्तात. शरीराला कष्ट देऊन जुनं कर्म जाळायचं, या निगंठांच्या, म्हणजे जैन साधूंच्या, मताची तिथं उलटतपासणी आहे. बुद्ध विचारतात: मागच्या जन्मी नेमकं कोणतं पाप केलंत हे तुम्हाला माहीत आहे? किती जळलं, किती शिल्लक आहे? नाही ना? मग ही परतफेड कशाच्या खात्यावर चालू आहे?

एवढं बोलून ते थांबत नाहीत. साधकानं स्वतःकडे पाहावं, असं पुढे येतं: मी सुखात राहतो तेव्हा माझ्यातलं अकुशल, म्हणजे लोभ, द्वेष, आळस, वाढतंय का? वाढत असेल तर थोडं कष्टात राहावं. उपमा बाण करणाऱ्याची आहे. वाकडी काडी तो दोन निखाऱ्यांमध्ये शेकतो आणि सरळ करतो. सरळ झाली की पुन्हा शेकत नाही. कष्ट म्हणजे तो शेक. काडी सरळ झाल्यावरही शेकत राहिलं तर ती जळते, आणि मुळात सरळ असलेली काडी शेकायचं कारणच नाही.

यातून एक कसोटी हाती येते, ती घरी वापरता येते. समजा, पहाटे पाचला उठून बसायचं ठरवलं. तीन-चार आठवडे करा आणि मग घरच्यांना विचारा. स्वतःला विचारू नका, तिथं उत्तर नेहमी गोडच येतं. चिडचिड कमी झाली का? ऐकून घेतो का? की झोप अपुरी राहून घरात भांडणं वाढली? दुसरं उत्तर आलं तर गजर साडेसहाचा लावा. कष्ट कमी केले म्हणून धम्म उणा होत नाही, कारण कष्टाचं माप धम्मात कुठं धरलेलंच नाही.

अंगुत्तर निकायात तर चार प्रकारच सांगितले आहेत: खडतर वाट आणि उशिरा समज, खडतर वाट आणि लवकर समज, सुखाची वाट आणि उशिरा, सुखाची वाट आणि लवकर. बुद्धांच्या दोन पट्टशिष्यांपैकी मोग्गल्लान दुसऱ्या प्रकारचे आणि सारिपुत्त चौथ्या. सोसणं ही पूर्वअट असती तर प्रज्ञेत सर्वश्रेष्ठ मानलेले सारिपुत्त त्या अटीवर नापास झाले असते. त्याच निकायात साधनेला लागणारी पाच अंगं येतात: श्रद्धा, निरोगीपण, निष्कपटपणा, उद्योगीपणा, प्रज्ञा. निरोगीपणाच्या खुलाशात पचनशक्ती फार थंड नको, फार उष्ण नको, मध्यम हवी, इतक्या बारकाव्यानं लिहिलंय. उपासांनी पोट बिघडवून घेणारा साधक पाचातलं एक अंग स्वतःच्या हातानं मोडत असतो.

मेहनतीचं प्रमाणही असंच. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला, नाजूक तळव्यांचा भिक्खू चालत ध्यान करता करता पाय रक्तबंबाळ करून बसला आणि काही साधत नाही म्हणून घरी परतायचा विचार करू लागला. तो आधी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला वीणेचंच विचारलं: तार फार ताणली तर सूर लागतो का? सैल सोडली तर? हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो; रक्तबंबाळ पाय मात्र सांगताना गळून जातात.

सहन कुठं करायचं आणि टाळायचं कुठं, याचा सगळ्यात व्यवहारी तक्ता मज्झिम निकायाच्या दुसऱ्याच सुत्तात, सब्बासवात आहे. थंडी, ऊन, भूक, तहान, डास, टोचून बोललेले शब्द, शरीराच्या वेदना हे सहन करण्याच्या यादीत. पिसाळलेला हत्ती, कुत्रा, साप, खुंट, काटे, खड्डा, उकिरडा हे टाळण्याच्या. आणि डास दोनदा येतात. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, कशासाठी वापरायचं? थंडी-उन्हासाठी आणि डासांसाठी. म्हणजे आधी मच्छरदाणी लावायची, तरी एखादा आत शिरलाच तर आदळआपट न करता बसायचं. मच्छरदाणी काढून बसण्याचं पुण्य सुत्तात नाही.

मग दुःखाशिवाय येता येतं?

विहारातल्या त्या तरुणाकडे परत येऊ. त्याच्या प्रश्नाला आधार आहे, कारण संयुत्त निकायातलं उपनिस सुत्त खरोखरच सांगतं की दुःख हे श्रद्धेचं कारण आहे. दुःखातून श्रद्धा, श्रद्धेतून प्रमोद, मग प्रीती, प्रशांती, सुख, समाधी अशी साखळी पुढे जाते. इथं दोन गोष्टी नजरेतून निसटतात. या साखळीत दुःख फक्त पहिली कडी आहे, पुढच्या कड्या आनंदाच्या आहेत. आणि ते दुःख म्हणजे जातं-येतं ते सगळं: बदलणारं शरीर, हातातून निसटणारी माणसं, भरल्या ताटासमोरचं रितेपण. पटाचारेनं नवरा, मुलं, आईवडील एकापाठोपाठ गमावले आणि ती आली. यश हा वाराणसीचा गडगंज घरातला मुलगा. ऋतूगणिक वेगळे महाल असलेला तो एका रात्री ‘किती हा उपद्रव!’ म्हणत घराबाहेर पडला. विशाखेला तर सात वर्षांची असतानाच धम्म समजला असं परंपरा सांगते, आणि ती संपन्न घरातच वाढली, संपन्नच राहिली. तिघांपैकी कुणाला बाहेर थांबवून ‘आधी सोसून ये’ असं सांगितलेलं नाही. त्या मुलाला दुःख नसेल तर ठीकच आहे, उत्सुकता पुरते.

नागपुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून चालणार नाही. इथं दीक्षा घेतलेल्यांना सोसणं काय असतं हे शिबिरात जाऊन शिकायचं नव्हतं. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी नियतकालिकातल्या आपल्या लेखात धर्मासाठी ज्या कसोट्या मांडल्या, त्यांत एक अशी होती की धर्मानं गरिबीला पावित्र्य देऊ नये. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्यानं ती सोडणं धन्य असू शकेल, गरिबी धन्य असू शकत नाही, असं त्यांनी लिहिलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत ते आणखी पुढे गेले: दुःख हाच पाया धरला तर धम्म निराशेचा संदेश ठरतो, ही अडचण त्यांनी उघड मांडली. दीक्षेचा विधीही पाहा. त्रिशरण, पंचशील, २२ प्रतिज्ञा. प्रतिज्ञांत अष्टांग मार्ग आहे, दहा पारमिता आहेत. उपास, अनवाणी चालणं, अंगाला चटके देणं यातलं काही नाही. दीक्षेनंतर पुष्कळांना पुष्कळ सोसावं लागलं हे खरं. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडलं. पण तो त्रास बाहेरून आला होता, धम्मानं मागितला नव्हता. दोन्हीची सरमिसळ केली की अन्याय करणाऱ्यालाच ‘बघा, आमच्यामुळे तुमची साधना झाली’ म्हणायची सोय होते.

मिलारेपाचे मनोरे आणि हुएकचा हात

सोसण्याच्या बाजूनं हमखास सांगितलं जाणारं उदाहरण तिबेटच्या मिलारेपाचं. गुरू मारपानं त्याला दगडी मनोरे बांधायला लावले, पाडायला लावले, पुन्हा बांधायला लावले; पाठ सोलून निघाली तरी उपदेश दिला नाही. कथा विलक्षण आहेच. पण तिचं प्रसिद्ध रूप त्सांगन्योन हेरुकानं १४८८ च्या सुमारास लिहिलेलं आहे, मिलारेपानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. कथेत मिलारेपानं आधी जादूटोण्यानं अनेक नातेवाइकांचा जीव घेतलेला असतो. मनोरे त्या एका माणसाच्या त्या एका ओझ्यासाठी आहेत. आणि मिलारेपाचा सगळ्यात मोठा शिष्य, गंपोपा हा वैद्य, त्याला मिलारेपानं एकही मनोरा बांधायला लावला नाही. स्वतः सोसलेलं गुरूनं पुढच्याच्या गळ्यात घातलं नाही, हे या परंपरेतच दिसतं. ते सांगणारे कमी.

चीनमधली हुएकची कथा आणखी टोकाची. बोधिधर्म शिकवेना म्हणून बर्फात उभ्या हुएकनं स्वतःचा हात तोडून त्याच्यापुढं ठेवला. सातव्या शतकात ताओश्वाननं भिक्खूंची चरित्रं लिहिली, त्यात याच हुएकचा हात चोरांनी तोडला असं आहे. म्हणजे जुन्या नोंदीतला अपघात पुढे साधना होऊन बसला. सोसण्याच्या कथा अशा वाढतात, आणि वाढलेली कथा वाचून एखादा विद्यार्थी स्वतःला कमी समजू लागतो.

पाली परंपरेत शिकणाऱ्याकडून काय मागितलंय ते विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेच्या, सेखिय नियमांत दिसतं. त्यातले १६ नियम उपदेश कुणाला देऊ नये याबद्दल आहेत: हातात छत्री, काठी किंवा शस्त्र असलेल्याला, पायात पादत्राण घालून ऐकणाऱ्याला, वाहनात बसलेल्याला, लोळत ऐकणाऱ्याला, शिकवणारा खाली आणि ऐकणारा उंचावर असेल तर त्याला. मागणी लक्ष देण्याची आणि आदराची आहे. आणि सोळाही नियमांत एक शब्द आहे, ‘अगिलान’, म्हणजे आजारी नसलेला. आजारी माणूस लोळूनही ऐकू शकतो. दुसऱ्या पंथातून येणाऱ्या परिव्राजकाला चार महिने परिवास, म्हणजे उमेदवारीचा काळ, असे, पण त्यात वागणूक पाहत, छळत नसत. अखेरच्या दिवसांत बुद्ध आनंदाला सांगतात की मी आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही. म्हणून कुणी गुरू ‘आधी एवढं सोस, मग खरी विद्या देतो’ म्हणाला, आणि त्या सोसण्यात पैसा, शरीर किंवा घरच्यांशी संबंध तोडणं आलं, तर तिथून उठावं. मज्झिम निकायातलं ४७वं, वीमंसक सुत्त तर शिष्यानं खुद्द तथागतालाही, म्हणजे बुद्धालाही, डोळ्यांनी आणि कानांनी तपासून घ्यावं असं सांगतं.

संघातल्याच देवदत्त या भिक्खूची मागणी याच धर्तीची होती. भिक्खूंनी जन्मभर अरण्यातच राहावं, भिक्षेवरच जगावं, चिंध्यांचंच चीवर वापरावं, झाडाखालीच झोपावं, मासे-मांस खाऊ नये. हे पाचही सक्तीचं करा. बुद्धांनी ज्याला हवं त्यानं पाळावं म्हणून सोडलं, सक्ती नाकारली. संघ फुटला तो या कडकपणावरून.

नागपूरच्या उन्हात उपोसथ

आता रोजच्या व्यवहाराकडे. पौर्णिमेचा उपोसथ म्हणजे उपास, असं पुष्कळ घरांत धरलं जातं. त्या दिवशी पाळायच्या अष्टशीलात, म्हणजे आठ नियमांत, न खाण्याचा नियम एवढाच: मध्यान्हापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जेवण नाही. सकाळी आणि दुपारी नेहमीची पोळी-भाजी, वरण-भात पोटभर खायचा. साबुदाणा-भगरीचा इथं काही संबंध नाही. काटेकोर पाळायचं तर मध्यान्ह सूर्याचा. नागपुरात तो घड्याळाच्या बाराला क्वचितच येतो: बुद्ध पौर्णिमेच्या दिवसांत, मे महिन्यात, साधारण १२ वाजून १० मिनिटांनी, फेब्रुवारीत साडेबाराच्या जरा आधी, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारालाही तीन-चार मिनिटं कमी असताना. पाणी दिवसभर चालतं आणि प्यायलाच हवं. विनयात आंबा, जांभूळ, केळं, द्राक्ष, फालसा यांच्या गाळीव रसाला मध्यान्हानंतरही मुभा आहे. फुलांचे रसही चालतात. मोहाच्या फुलांचा तेवढा नाव घेऊन वगळलाय. का, ते विदर्भात समजावून सांगायला नको.

मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. निर्जळी राहून विहारापर्यंत चालत जाणं इथं साधना नसून उष्माघाताला बोलावणं आहे. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेली माणसं पुष्कळ आहेत; शरीरातलं पाणी कमी झालं की त्यांच्यात हाडं-सांध्यांच्या असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा घरात कुणीही पाणी तोडू नये. मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रात्रीचं जेवण टाळण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी, नाहीतर साखर धोक्याइतकी उतरते. ज्याला जमत नाही त्यानं पंचशील पाळावं, वंदना घ्यावी, वर्षावासातलं ग्रंथवाचन ऐकावं. अंगुत्तर निकायात एका ‘गोपालक उपोसथा’चा उल्लेख आहे: गुराखी संध्याकाळी गुरं परत देताना उद्या कुठं चारायची याचाच विचार करतो, तसा दिवसभर उद्या काय खायचं याचाच विचार करणारा. असा कोरडा उपोसथ फार फळ देत नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलंय.

बसण्याबद्दल. घोंगडी किंवा गादी दुमडून चार ते सहा बोटं उंच बैठक करावी. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ राहते. पायाला मुंग्या येणं हे नस दबल्यामुळे होतं, उठल्यावर दोन-चार मिनिटांत जातं. ते सहन करायला हरकत नाही. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखी कळ आली, किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखलं, तर तो सांध्याचा इशारा आहे. तिथं हट्ट केला तर पुढे सहा महिने मांडीच घालता येत नाही. पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी खुर्ची घ्यावी, एवढंच.

नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. तिथल्या १० दिवसांच्या शिबिराबद्दल ‘फार हाल असतात’ असं ऐकून लोक एकतर घाबरतात किंवा त्याच कारणासाठी जातात. वेळापत्रक कडक आहे हे खरं: पहाटे ४ ची घंटा, दिवसाला १० तासांच्या आसपास ध्यान, दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन, नव्या साधकाला संध्याकाळी फक्त चहा आणि फळं. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि त्यानंतर रोज तीनदा तासभर न हलता बसायचं असतं. पण प्रत्येक गोष्टीला काम आहे. मौन गप्पांतून होणारी तुलना थांबवतं, हलकं पोट झोप आवरतं. न हलता बसणं हे दुखणं येतं, बदलतं, जातं हे पाहण्यासाठी आहे. इथंच सगळ्यात जास्त चुकतं. ‘तासभर हललो नाही’ ही मर्दुमकी होऊन बसते आणि पाहायचं राहून जातं. वेदना जिंकायची वस्तू झाली की मानाची भर पडते, समजेची नाही. व्रत पाळलं म्हणूनच मी शुद्ध झालो, या समजुतीला पालीत सीलब्बतपरामास म्हणतात आणि स्रोतापन्न होण्याआधी (निर्वाणाच्या वाटेवरची ती पहिली पायरी) जी तीन बंधनं तुटावी लागतात त्यांतलं ते एक आहे. शिबिराच्या अर्जात शारीरिक-मानसिक आजार विचारतात, ते खरं लिहावं. गंभीर मानसिक आजार असेल किंवा औषधं चालू असतील तर लपवून जाऊ नये, आणि शिबिरासाठी म्हणून औषध स्वतःच्या मनानं तर मुळीच बंद करू नये. फी नसते, राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं.

दानाचंही तसंच. कर्ज काढून विहाराला मूर्ती देणं, मुलीच्या फीचे पैसे बोधगयेच्या सहलीत घालणं याला त्याग म्हणतात, पण सत्पुरुषाच्या दानाचं एक लक्षण स्वतःला किंवा इतरांना इजा न करता दिलेलं, असं अंगुत्तर निकायात आहे. सिगालोवाद सुत्त कमाईचे चार वाटे करतं: एक खर्चाला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीसाठी ठेवलेला. विनयात तर एक नियम उलट्या दिशेनं आहे. एक कुटुंब श्रद्धेपोटी एवढं देऊ लागलं की घरातलेच उपाशी राहू लागले. बुद्धांनी त्या कुटुंबाला उपदेश करण्याऐवजी भिक्खूंना बंधन घातलं: श्रद्धा वाढतेय आणि संपत्ती घटतेय अशा घराबद्दल संघानं ठराव करावा, आणि मग निरोगी भिक्खूनं तिथून आमंत्रणाशिवाय अन्न घेऊ नये.

आणि शेवटी आपल्याकडचा, दक्षिणापथाचा एक प्रसंग. अवंती-दक्षिणापथात महाकच्चायन स्थविरांकडे सोण कुटिकण्ण नावाचा उपासक होता (वीणेवाला सोण वेगळा). त्याला उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खुदीक्षा, हवी होती, पण त्यासाठी दहा भिक्खू लागत आणि त्या भागात तेवढे मिळेनात. जमवाजमव करण्यात तीन वर्षं गेली. पुढे तो बुद्धांना भेटायला निघाला तेव्हा महाकच्चायनांनी त्याच्याबरोबर निरोप दिला. तीन वर्षं थांबल्यानं त्याची श्रद्धा पक्की झाली असं त्या निरोपात काही नव्हतं. अडचणींची यादी होती. इथं भिक्खू कमी आहेत. इथली जमीन काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. इथं लोकांना वरचेवर आंघोळ लागते. बुद्धांनी यादी ऐकली आणि सीमेवरच्या सगळ्या प्रदेशांसाठी नियम बदलले: उपसंपदेला एका विनयधरासह (विनय जाणणाऱ्यासह) पाच भिक्खू पुरेत, वहाणांना जाड तळ चालेल, आंघोळ हवी तेव्हा करावी.